तिकडच्या थंडीसाठी

हौसाक्का आपल्या कुत्र्याशी हिंदीत बोलायची. माणसांशी नाही, म्हशींशी नाही, शेजारणीशी भांडतानाही नाही, फक्त कुत्र्याशी. हिंदी म्हणजे तिला जमेल तशी. "भालू, इकडं आव. मान खाली कर. हिलू नको, नायतर केस उपटेगा." भालू मान खाली घालायचा आणि हौसाक्का आजूबाजूच्यांकडे अशी बघायची, की बघा, कळतंय त्याला.

कुत्र्याला मराठी येत नाही अशी तिची पक्की खात्री होती, कारण तो हिमालयातून आला होता. तिचा नवरा लष्करात हवालदार. एका रजेत त्याने ट्रंकेबरोबर एका टोपलीत डोंगरी मेंढपाळांच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. तेव्हा ते काळ्या लोकरीच्या गुंड्याएवढं होतं. रजा संपली, हवालदार गेला, आणि पिल्लू वाढतच सुटलं. वर्षभरात ते वासराएवढं झालं. अंगावर केस इतके, की बसलेला असला तर तोंड कुठल्या बाजूला आहे ते तो जांभई देईपर्यंत कळायचं नाही.

नावावरून घरात पहिली कुरबुर झाली. आपल्याकडे भालू म्हणजे म्हातारी कोल्ही. ती ओरडली की गावात कोणीतरी जातं. सासू म्हणाली, असलं अभद्र नाव घरात हाक मारायला नको. हौसाक्काने सांगितलं, की हिंदीत भालू म्हणजे अस्वल, आणि नाव हवालदारांनी ठेवलंय. सासू स्वतः मरेपर्यंत त्याला मोत्याच म्हणत राहिली. तो दोन्ही नावांना येत असे.

मी त्या वेळी उंब्रजच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होतो. सत्तर सालानंतरची ती वर्षं. माणूस सांगलीचा, नोकरी पहिलीच, आणि खोली मिळाली ती हौसाक्काच्या घरासमोर. त्यामुळे तिच्या लेखी मी डॉक्टरच होतो, आणि भालूच्या अंगावरच्या प्रत्येक केसाला जबाबदार होतो.

पहिल्या पावसाळ्यात ती त्याला दोरीने ओढत दवाखान्यात घेऊन आली. भिजून भिजून त्याच्या केसांत गुंते झाले होते. ते निघावेत म्हणून तिने शिकेकाई लावून त्याला खसाखसा न्हाऊ घातलं, आणि गुंते आवळून घोंगडीसारखे घट्ट बसले. कानांमागे, काखेत, मांड्यांच्या मागे नुसत्या गाठी. त्यांच्याखाली कातडी लाल झाली होती. भालू कोणाला हात लावू देईना. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानात हिंदीत काहीतरी पुटपुटत राहिली. मी बोटाला गोडेतेल लावून एकेक गाठ टोकाकडून सोडवत गेलो. जी सुटेना ती कात्रीने उभी चिरली. दुपार गेली त्यात. जाताना मी एवढंच सांगितलं, की आधी विंचरायचं आणि मग धुवायचं, आणि धुतल्यावर कातडीपर्यंत कोरडं करायचं.

हे तिने मंत्रासारखं धरलं. कराडच्या बाजारातून घोड्याचा खरारा आणला, एक रुंद दातांची फणी आणली. सकाळी म्हशींची धार काढून झाली, की पडवीत भालूची वेणीफणी सुरू. वरवर नाही, एका हाताने केस वर उचलून धरायचे आणि खालच्या थरापासून कातडीपर्यंत फणी घालायची. शेपटीला वेगळा वेळ, कानांमागे वेगळा. हौसाक्काचे स्वतःचे केस मात्र पदराखाली कसेबसे बांधलेले असायचे. सासू म्हणायची, घरात दोन बायका आहेत आणि केस विंचरतोय तो कुत्रा.

विंचरताना ती मला तिकडच्या गोष्टी सांगायची. तिकडं म्हणजे नवरा असेल तिकडं. जागा बदलायची, शब्द तोच. तिकडं पाणी कुऱ्हाडीनं फोडून आणत्यात. तिकडं दूध नासत न्हाई. तिकडं बायका पाठीवर लाकडं घेत्यात, डोक्यावर न्हाई. ती स्वतः कराडच्या पुढे गेलेली नव्हती, पण तिकडचं असं सांगायची की जणू कालच चुलीवरचा तवा तिथे विसरून आली आहे. कोणी शंका काढलीच, तर शांतपणे म्हणायची, "तिकडं असंच असतंय."

चैत्र आला की भालू अंगावरची लोकर टाकू लागे. वरचे लांब केस तसेच राहायचे. आतली मऊ, करडी लोकर पुंजक्यापुंजक्याने सुटून वाऱ्यावर निघायची. ती आमटीत सापडायची, माझ्या इस्त्रीच्या शर्टावर बसायची, डेअरीत दूध घालायला गेलेल्या हौसाक्काच्या चरवीत तरंगायची. एका वर्षी शेजारणीने घातलेल्या ओल्या कुरडयांवर ती जाऊन बसली आणि अख्खं सूप केसाळ झालं. त्या भांडणात पंच म्हणून मला बोलावलं. तेव्हापासून चैत्र-वैशाखात ती भालूला घेऊन मळ्यात जायची आणि विहिरीजवळच्या बाभळीखाली बसून विंचरायची. चिमण्या पुंजके उचलून न्यायच्या. तिला त्याचं फार कौतुक. म्हणायची, औंदा उंब्रजच्या चिमण्यांना लोकरीच्या गाद्या.

उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येकाला भालूची दया यायची. सगळ्यांचा सल्ला एकच, की कापून टाका ते केस. बिरू धनगर तर दरवर्षी कातर घेऊन तयार असे. मेंढरांबरोबर एक जास्त, त्याचं काय, म्हणायचा. मी समजावायचो, की सुटी लोकर विंचरून काढली की पुरे, वरचे केस उन्हापासूनही राखतात. हौसाक्काला माझं शास्त्र नको होतं. तिचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने एकदा मळ्यात, फणीतली लोकर काढता काढता, सांगितलं.

"आमाला तिकडं जायाचं हाय, डाक्टर. क्वार्टर मिळंल तवा. तिथल्या थंडीत हा बिनकेसाचा कसा ऱ्हाईल? आन् मी तिथं बायकांशी बोलू कशी? म्हनून याच्यावर हात बसवतीया."

म्हणजे हिंदी कुत्र्यासाठी नव्हतीच.

आणि क्वार्टर खरोखरच मिळालं. पुढच्या रजेत हवालदार आला तो तिला न्यायलाच. गडी उंच, कमी बोलणारा. सासूने कबूल केलं, की भाऊबंदातली पुतण्याची सून सोबतीला येईल, तिचं माझं जमेल, तू जा. हौसाक्काने चटणी कुटली, मेतकूट केलं, दोन लुगडी ट्रंकेत ठेवली. भालूला रेल्वेतून कसं न्यायचं याची चौकशी हवालदार स्वतः स्टेशनवर जाऊन करून आला. तिने कुत्र्याला न्हाऊ घालून उन्हात असं वाळवलं, की तो शेवरीच्या कापसासारखा फुलला होता. आणि निघायच्या दोन दिवस आधी सासू गोठ्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

मिरजेला नेलं, परत आणलं. म्हातारी काही पुन्हा उठली नाही. पुतण्याच्या सुनेवर लोळागोळा झालेलं माणूस कसं टाकणार? हवालदार तिला थांब म्हणाला नाही, चल म्हणाला नाही. तिनेच ट्रंकेतली लुगडी काढून दांडीवर टाकली आणि चटणीचा डबा त्याच्या पिशवीत घातला. तो गेला त्या सकाळीही ती पडवीत भालूला विंचरत बसली होती. मी म्हणालो, पुढच्या वेळी जाल. ती म्हणाली, व्हय, म्हातारीला बरं वाटलं की.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. ती सासूला कुशीवर वळवायची, पाठीला पावडर लावायची, तिचे विरळ केस विंचरून द्यायची, आणि मग भालूकडे वळायची. हिंदी चालूच होती, सुधारतही होती. "सुनो भालू, आज बाजार है," असं ती स्वच्छ म्हणू लागली. सासू गेली त्या हिवाळ्यात हवालदार दिवसकार्याला आला, आणि कळलं की त्याची पेन्शन जवळ आलीय. आता क्वार्टर मागण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात तो ट्रंक घेऊन कायमचा घरी आला.

नवराबायकोला एकमेकांची सवयच नव्हती. तो पडवीत बसायचा, ती मळ्यात. ती मळ्यातून आली की तो पाराकडे. वैशाखातल्या एका सकाळी त्याने मला हाक मारली. बिरूकडून कातर आणली होती. भालू म्हातारा झाला होता, धापा टाकत होता. हवालदार म्हणाला, तुम्ही पाय धरा, मी कापतो. मी पाय धरून नको म्हणेपर्यंत हौसाक्का आतून आली.

"कापू नगा."

"आगं, जीव उकडतोय त्येचा. आता त्येला कुठं थंडीत जायाचंय?"

तो सहज बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं. कातर हातात तशीच राहिली. हौसाक्का पुढे आली. खाली बसली, खरारा घेतला आणि मानेपासून विंचरायला लागली. आतली लोकर भराभरा सुटून येऊ लागली. थोड्या वेळाने हवालदाराने कातर कोनाड्यात ठेवली, तिच्यासमोर मांडी घातली आणि भालूचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी उठावं हे मला कळत होतं, पण भालूचा मागचा पाय माझ्या हातात होता.

ती मान वर न करता म्हणाली, "ते क्वार्टर कसं हुतं?"

"दोन खोल्या. वर पत्रा."

"आन् चूल कुठं मांडली आसती?"

हवालदाराने जरा विचार केला. मग कुत्र्याच्या पाठीवर बोटाने दोन खोल्या आखल्या, दार दाखवलं, खिडकी दाखवली. "इथं. खिडकीखाली. समोर बरफाचा डोंगर दिसायचा."

"मंग भाकरी थापताना दिसला आसता," ती म्हणाली.

"दिसला आसता."

हौसाक्काने खरारा बाजूला ठेवला आणि त्याने दाखवलेल्या त्या जागेवरचे केस हाताने हळूहळू सारखे केले.