स्टाइलवाला मुलाणी

फाइलीत कुणी एखादा शब्द हाताने बोल्ड केलेला दिसला, की शकील मुलाणीला ठसका लागतो. खोटं नाही सांगत, पाणी द्यावं लागतं. मग तो म्हणतो, "भाऊ, ठळकपणा वरून लावायचा नसतो. स्वभावातच असायला लागतो."

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. काम दोघांचं एकच. मशीन कसं चालवायचं, माप कसं घ्यायचं, याची माहितीपुस्तकं तयार करायची. मी चौदा वर्षं करतोय, तो तीन. मी प्रत्येक मथळा निवडतो, मोठा करतो, निळा करतो. पुढच्या मथळ्याला पुन्हा तेच. मुलाणी आधी 'स्टाइल' बनवतो. अक्षर केवढं, रंग कोणता, वरखाली जागा किती, हे एकदाच ठरवून तिला नाव देतो. मग नुसतं नाव दाबायचं. मोठ्या मथळ्याचं नाव 'साहेब', त्याखालचा 'सुपरवायझर', आणि साधा मजकूर म्हणजे 'ऑपरेटर'.

"साहेब कितीही फुगवा भाऊ, पानं ऑपरेटरच भरतो."

सगळं डिपार्टमेंट हसलं. मीही हसलो, दाढ दुखत असल्यासारखा.

मी जळत होतो. ऑडिटला आलेल्या बाईंनी त्याचं पुस्तक उचलून विचारलं, "किती सुंदर! कुणी केलं?" माझ्या पुस्तकावर त्यांनी चहाचा कप ठेवला. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, मग शिकून घ्या की त्याच्याकडून." त्या दिवशी मी दुसरी भाकरी घेतली नाही.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मुलाणी डबा धुवायला गेला. त्याची एकशेऐंशी पानांची फाइल उघडीच होती. चार वाजता ती साहेबांना दाखवायची होती. मी इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या खुर्चीत बसलो आणि 'ऑपरेटर' लालभडक करून टाकला. एका झटक्यात सगळी पानं लाल! छातीत गार वाटलं, आणि पाठोपाठ घाम फुटला. माझ्या हिशेबाने हे निस्तरायला दोन दिवस तरी लागणार होते.

मी माझ्या खुर्चीकडे परततोय तोच मुलाणी आला. पडद्याकडे पाहिलं. "अरेरे," तो म्हणाला, "आमच्या ऑपरेटरला गोवर आला की!" त्याने बाजूची यादी उघडली, रंग बदलला आणि सगळी पानं बरी झाली. मला बसून रुमाल काढायलाही वेळ मिळाला नाही.

पण यादी उघडीच राहिली. 'ऑपरेटर'च्या खाली आणखी नावं होती. अम्मी २४. अम्मी ३६. अम्मी ४८. अम्मी ७२.

"हे कुठलं नवीन मशीन?" मी खवचटपणे विचारलं.

मुलाणी ओशाळला. "घरचं आहे ते. आई सोलापूरकडं असते, गावाला. चौथीपर्यंत शिकलेली. तिला माझं पत्रच लागतं. डोळे कमी होत गेले, तशी अक्षरं वाढवत गेलो."

"आता दिसतं का त्यांना?"

"न्हाई. यंदा पार गेलं. फोनवर बोलायला मला सुचत न्हाई, भाऊ. म्हणून पत्र लिहितो आणि फोनवर वाचून दाखवतो."

"मग एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला?"

"बारीक करायला हात धजत न्हाई."

त्याने अर्धवट राहिलेलं पत्र उघडलं. पुढे काय लिहायचं ते आठवत असावा. अक्षरं एवढी मोठी, की माझ्या खुर्चीतूनही वाचता आली. सगळ्या पानावर इतकंच होतं:

'कंपनीत शेजारी जगतापभाऊ आहेत. एकटं वाटत नाही.'

जगताप मीच.

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणालो, "मुलाणी, तो गोवर माझ्यामुळे आला."

"माहीत आहे, भाऊ," तो म्हणाला, आणि त्याने पुढचं पान घेतलं.