डोक्यापासून मांडीपर्यंत

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चंद्रप्पांना हैदराबादहून गाडीने आलेलं औषध टोचलं. प्रोस्टेटचा कर्करोग तीन वर्षांपूर्वी कापून काढला होता. आता रक्तातला आकडा पुन्हा चढला होता. रोग परतला असेल तर कुठे दडलाय, ते या औषधामुळे स्कॅनमध्ये चमकणार होतं. मात्र औषधाचा जोर तासागणिक ओसरत होता.

सव्वाबाराला तंत्रज्ञ शिल्पा म्हणाली, "आजोबा, गळ्यातली चांदीची डबी काढा."

"न्हाई." औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, चाळीस वर्षं आडत चालवलेले चंद्रप्पा ताठ झाले. "इष्टलिंग हाय त्यात. पाळण्यात बांधलेलं. अंगावेगळं होत नसतंय."

"डबी काढू, लिंग कापडात बांधू," मुलगा उमाशंकर म्हणाला.

"ते पण फोटोत येईल."

"मग दंडाला?"

"हात वर करून झोपायचं असतं, दंड डोक्याशेजारी येतात. फोटो डोक्यापासून मांडीपर्यंत असतो." शिल्पाने मनापासून विचार केला. "गुडघ्याखाली कुठंही चालेल."

"गुडघ्याखाली!" चंद्रप्पांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "साक्षात शिवाला पायाला बांधू? येवढं मोठं यंत्र आणलं, अन् देवाला जागा ठिवली न्हाई? तक्रारवही आणा!"

"अप्पा, औषध उतरत चाललंय!"

"उतरू दे!"

चंद्रप्पांच्या पत्नी दानम्मा पुढे आल्या. "अहो, रोज पूजेला कुठं धरता? तळहातावरच की. हात वर करूनच निजायचंय म्हणे. धरा तसंच."

शिल्पाने मोजून पाहिलं. वर ताणलेला तळहात फोटोबाहेर राहत होता.

यंत्रात वीस मिनिटं चंद्रप्पा हलले नाहीत. "इतकं स्थिर कुणी राहत नाही," शिल्पा म्हणाली.

"वही कुठाय?" चंद्रप्पा म्हणाले.

अहवाल सहाला मिळणार होता. दुपारभर ते बाकावर बसून लिहीत होते. उमाशंकर अडवायला गेला, तर दानम्मांनी त्याचा हात धरला. "लिहू दे. तवर दुसरं काही मनात येणार न्हाई त्येंच्या."

सहाला शिल्पा वही न्यायला बाहेर आली. "आजोबा, तक्रार आली की डॉक्टरांना ती आधी वाचावी लागते. तसा नियमच आहे. ती झाली की तुमचं स्कॅन बघतील."

दानम्मांनी नवऱ्याकडे पाहिलं. "किती पानं लिवलीत?"

"नऊ," चंद्रप्पा खालच्या आवाजात म्हणाले.

साडेसहा वाजता डॉक्टर तिसऱ्या पानावर होते.