दोन रंगांचं पॅनेल

सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीची पानं बांधता बांधता शैलेंद्रने बायकोपाशी कबुली दिली.

“लतिका, मी दामोदरला सांगितलंय, की आपण त्याने सुचवलेलं पॅनेल घेतलं.”

“बरं.”

“आणि मोरेश्वरला सांगितलंय, की त्याचं घेतलं.”

लतिकाच्या हातातली सुतळी तशीच राहिली. “आणि आज दोघंही जेवायला येतायत.”

“बायकांना न आणता एकेकटेच येतायत,” शैलेंद्र म्हणाला. तेवढ्याने संकट निम्म्यावर आलं असं त्याला मनापासून वाटत होतं.

हा गुंता लतिकाच्या नव्या धंद्यातला होता. ती पुण्यातली बँकेची नोकरी सोडून नवऱ्यामागे अ‍ॅमस्टरडॅमला आली आणि झुइडओस्ट भागातल्या या आठव्या मजल्यावर तिने वर्षभर नुसती खिडकी पुसली. मग तिने एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावरची जागा थोडी थोडी करून छोट्या दुकानांच्या वेबसाइटना द्यायचं ठरवलं. शैलेंद्रच्या परमिटवर नोकरीशिवाय काही करता येत नव्हतं, म्हणून धंद्याची नोंदणी तिच्या एकटीच्या नावावर झाली. आता फक्त कंट्रोल पॅनेल ठरायचं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला आपला पासवर्ड आपण बदलता येईल, मेलबॉक्स उघडता येईल, तो पडदा.

एवढ्याशा गोष्टीसाठी शैलेंद्रने बावन्न मुद्द्यांचा एक्सेल तक्ता केला आणि दोन मित्रांना सल्ला विचारला. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सांभाळणारा दामोदर म्हणाला, केशरी रंगाचं ‘सर्व्हडेस्क’ घे. आइंडहोवनला चिपच्या कंपनीत असलेला मोरेश्वर म्हणाला, निळं ‘पॅनोरा’ घे. आता एवढ्या आपुलकीने सांगणाऱ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? शैलेंद्र दोघांनाही म्हणाला, “अरे, तुझंच घेतलं!”

“एका सर्व्हरवर दोन पॅनेलं बसत नाहीत गं,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “त्यात दोन वाजता ते फान डाइक पॅनेल बघायला येणार.”

फान डाइक हे सायकल दुकानदारांच्या संघटनेचे चिटणीस. त्यांच्या हाताखाली चाळीस दुकानं होती. ते हो म्हणाले तर लतिकाचा धंदा उभा राहणार होता. नाही म्हणाले तर पुन्हा तीच खिडकी होती.

“त्या दोघांचं माझ्यावर सोड,” लतिका म्हणाली. “तू शिरा ढवळ. खाली लागला तर मात्र तुझी खैर नाही.”

पूजा झाली, आरती झाली, जेवणं झाली. पाहुणे एकपर्यंत जातील असा शैलेंद्रचा हिशेब होता. पण दोघंही सोफ्यावर ऐसपैस बसले.

“वहिनी, चहा टाका,” दामोदर म्हणाला. “आपलं पॅनेल बघूनच निघतो.”

“आपलं म्हणजे?” मोरेश्वरने विचारलं.

इतक्यात बेल वाजली. दोन म्हणजे बरोब्बर दोन वाजता फान डाइक दारात हजर होते. शैलेंद्रने घाबरून मित्रांची ओळख “आमचे दोन तज्ज्ञ सल्लागार” अशी करून दिली. झालं, सल्लागार कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसले.

लतिकाने लॉगिन केलं. पडदा केशरी झाला. दामोदरचा चेहरा उजळला.

“बघा साहेब, किती सुटसुटीत आहे! म्हणून मी हेच घ्यायला लावलं.”

“शैल्या, तू तर मला सांगितलं होतंस...” मोरेश्वर उठायलाच लागला.

“थांबा भावजी, तुमचंही आहे,” म्हणत लतिकाने दुसरं लॉगिन केलं. पडदा निळा झाला. मोरेश्वर पुन्हा बसला.

“एका सर्व्हरवर दोन? कसं काय?” असं तो पुटपुटला खरा, पण आपला निळा रंग बघून तो इतका खूश झाला होता, की उत्तरासाठी थांबलाच नाही. “याला म्हणतात पॅनेल! त्या केशरीत असला आराम नाही.” खरं तर दोघांनीही आपापलं पॅनेल कधी हाताने वापरलं नव्हतं. एकाने मासिकात वाचलं होतं आणि दुसऱ्याच्या साहेबाने विकत घेतलं होतं.

फान डाइकनी माउस मागून घेतला. त्यांनी निळ्यात एक मेलबॉक्स उघडला, मग केशरीत एक उघडला, आणि सरळ इंग्रजीत म्हणाले, “दोन्ही एकच आहेत. फक्त रंग वेगळा आहे.”

शैलेंद्र शिऱ्याच्या वाटीकडे बघत राहिला. आता चाळीस दुकानं गेली आणि दोन मित्रही गेले, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

“बरोबर,” लतिका मित्रांकडे वळून शांतपणे मराठीत म्हणाली. “हे सर्व्हडेस्कही नाही आणि पॅनोराही नाही. तिसरंच आहे. याचे रंग आणि चित्रं हवी तशी बदलता येतात. तीन आठवड्यांपूर्वी तिन्ही पॅनेलं घेऊन मी शेजारच्या डीमन गावातल्या एका सायकलवाल्याकडे दोन दिवस बसले होते. पहिल्या दोन्हींत त्याने मला सारखी हाक मारली. या तिसऱ्यात एकदाही मारली नाही. त्याच दिवशी मी सही करून टाकली.”

“तीन आठवड्यांपूर्वी?” शैलेंद्र किंचाळला. “आणि माझा तक्ता?”

“तू त्यात इतका रमला होतास, की मोडवेना.”

दामोदर लाल झाला होता. “वहिनी, मग मघाशी मी एवढी स्तुती केली ती कुणाच्या पॅनेलची?”

“माझ्या, भावजी,” लतिका म्हणाली. “आवडलं तुम्हाला, बरं वाटलं.”

फान डाइकना मराठी कळलं नव्हतं. ते रंगातच अडकले होते. “आमची दुकानं दोन वर्षं रंगावरून भांडतायत. चाळीस दुकानांना चाळीस रंग देता येतील?”

“सोमवारपर्यंत,” लतिका म्हणाली.

त्यांनी टेबलावरच कागद पसरला. त्यावर लतिकाने आपलं नाव पूर्ण, वडिलांनी शिकवलेल्या अक्षरात लिहिलं. शाई वाळेपर्यंत तिने कागद हातातून सोडला नाही.

संध्याकाळी शैलेंद्र मित्रांना मेट्रोपर्यंत सोडायला गेला. फलाटावर दामोदरने घसा साफ केला.

“आपल्या मराठी मंडळात सांगताना आपण तिघांनी मिळून ठरवलं असं सांगू या. चालेल ना?”

“चालेल की,” मोरेश्वर लगेच म्हणाला.

“नाही चालणार,” शैलेंद्र म्हणाला. “लतिकाने ठरवलं. एकटीने. आपल्याला कुणाला पत्तासुद्धा नव्हता.”

आणि हे सांगताना त्याची छाती अशी फुगली होती, की शेजारच्या बाकावरच्या माणसाला वाटावं, ठरवलं ते यानेच.