फार पिणारी गाडी

एका जंगलात कुणीतरी फार प्यायला लागलं होतं.

कोण, ते राजानं सांगितलं नाही. भर दरबारात सिंहमहाराज एवढंच म्हणाले की आपल्यातलं कुणीतरी पितं, सारखं पितं, आणि त्याच्या पिण्यापायी जंगलाचं दिवाळं निघायची वेळ आली आहे. ज्याचं त्याला कळलं असेलच.

मुलांनो, असं बोललं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वर्गात बाई म्हणतात, कुणीतरी खडू पळवलाय, आणि ज्यानं पळवलेला नसतो त्याचेच कान लाल होतात. दरबारातही तेच झालं. सगळ्यांनी आधी खाली बघितलं आणि मग हळूच अस्वलाकडे बघितलं. मोहाचा हंगाम होता. अस्वलदादा झाडाखालून थेट दरबारात आला होता आणि एका जागी उभं राहण्याचा मनापासून प्रयत्न करत होता.

“मी फुलं खातो,” अस्वल म्हणालं. “पोटात गेल्यावर ती आपसात काय ठरवतात, ते मला सांगत नाहीत.”

पण राजाचा रोख अस्वलावर नव्हता. रोख होता बाहेर अंगणात उभ्या असलेल्या पिकअपवर.

ही पिकअप जुन्या घडणीची होती. पुढे लांब नाक, दोन गोल दिवे, मागे उघडा हौदा. कधीकाळी माणसं ती जंगलात सोडून गेली होती. अशी गाडी प्रजेकडे असली की तिला भंगार म्हणतात आणि राजाकडे असली की क्लासिक. म्हणून ती क्लासिक होती.

ती चालवायची साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे तिला सीटला टेकता येत नसे. टेकलं की सीटचा कापूस बाहेर येई. त्यामुळे ती कायम ताठ बसायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, केवढा हा तोरा.

गाडीच्या हौद्यात पाण्याची टाकी होती. खाली नदीवर टाकी भरायची, घाट चढायचा आणि वरच्या पठारावर रिकामी करायची, हे साळूबाईचं काम. पठारावरचे प्राणी पूर्वी नदीकाठीच राहत. पण राजाला तिथे बाग हवी होती. तेव्हा प्रधान कोल्ह्यानं त्यांना समजावलं की वर हवा फार छान आहे. हवा खरोखरच छान होती. पाणी तेवढं नव्हतं.

साळूबाईचं माहेर तिथेच, पठारावर. म्हणून तिनं गाडीच्या मागच्या फळीवर हौसेनं रंगवून घेतलं होतं : ‘माहेरची ओढ’.

आता गंमत अशी की पिकअपची तक्रार तिनंच केली होती. आठवड्याला डिझेलचा एक कॅन मिळायचा आणि त्यात एकच फेरी व्हायची. उन्हाळा वाढला तसं एका फेरीचं पाणी पुरेना. मागच्या खेपेला तिच्या वहिनीनं सांगितलं होतं की पिल्लं आता डबक्यातला चिखल चाटतात. गाडी थोडी कमी प्यायली, तर त्याच कॅनमध्ये दोन फेऱ्या होतील, एवढाच साळूबाईचा साधा विचार होता.

“महाराज, गाडी ॲव्हरेज देत नाही,” ती म्हणाली.

राजा सावरून बसला. “कुणाला देत नाही? मला देत नाही?”

“कुणालाच देत नाही, महाराज,” प्रधानानं घाईनं सांगितलं.

“मग ठीक आहे,” राजा म्हणाला. “भेदभाव नको.”

मुलांनो, गाडी एवढं का पीत होती, ते जंगलात मुंगीलाही ठाऊक होतं. गाडीच्या टपावर सिंहासन होतं. शिसवी लाकडाचं, लोखंडी पायांचं, वर झालरीची छत्री असलेलं. पाणी वाटताना राजा दिसला पाहिजे, म्हणून प्रत्येक फेरीला महाराज टपावर बसून पठारावर येत. घाटात वारा सुटला की छत्री फुगे आणि गाडी पुढे जायच्याऐवजी मागे यायला बघे. इंजिन बिचारं कण्हायचं आणि दोन घोट जास्त प्यायचं.

साळूबाईनं धीर करून तोंड उघडलं. “महाराज, ते टपावरचं...”

“ऊन,” प्रधान खोकला. “टपावरचं ऊन. ऊन फार वाढलंय यंदा, असंच ना साळूबाई?”

साळूबाई गप्प बसली. तुम्हीही बसला असता. मोठी माणसं तर फारच सुंदर गप्प बसतात.

मग समिती नेमली गेली. अध्यक्ष कोल्हा, तज्ज्ञ मोर आणि हाताखाली माकडं. मोरानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि पुढे लिंबू-मिरची बांधायला सांगितली. कोल्हा म्हणाला की खरा प्रश्न वजनाचा आहे. गाडीत जे जे जास्तीचं आहे ते काढा. हे ऐकून माकडांना फार आनंद झाला, कारण कुठलीही गोष्ट काढायला त्यांना शिकावं लागत नाही.

आधी स्टेपनी गेली. मग दारं गेली. मग हॉर्न, वायपर, साळूबाईच्या बाजूची रिकामी सीट आणि तिच्या सीटची पाठ. दर वेळी गाडी किंचित कमी प्यायची आणि दरबारात टाळ्या पडायच्या. साळूबाईलाही बरं वाटायचं. लोक आता तिला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय म्हणतंय ॲव्हरेज? पाठ नसलेल्या सीटवर ती आणखी ताठ बसायला लागली, आणि या वेळी त्यात थोडा तोरा खरंच होता.

मग ब्रेकची पाळी आली. कोल्ह्यानं समजावलं की ब्रेक हा देशद्रोही भाग आहे. डिझेल जाळून गाडीनं मोठ्या कष्टानं वेग घ्यायचा आणि यानं तो एका दाबात मातीत घालायचा. दरबाराला हे इतकं पटलं की ब्रेक काढताना बँड वाजवला गेला.

साळूबाई घाबरली, पण तिनं तोड काढली. पुढच्या फेरीला ती माहेराहून एक काळा दगड घेऊन आली. तो तिच्या बापाच्या बिळाच्या तोंडाशी असायचा. गाडी उभी करायची झाली की ती चढावर नेऊन थोपवायची आणि चटकन उतरून चाकाखाली दगड लावायची. दगड चांगला होता. एकदा बसला की हलत नसे.

एवढं सगळं काढूनही दुसऱ्या फेरीपुरतं डिझेल काही उरेना. तेव्हा कोल्ह्याची नजर हौद्याकडे गेली.

“ही टाकी फार जड आहे,” तो म्हणाला.

“तिच्यात पाणी असतं,” साळूबाई म्हणाली.

“तेच म्हणतोय मी. पाण्याचंच तर वजन आहे.”

साळूबाईनं विरोध केला, पण कोल्ह्यानं तिला प्रेमानं बाजूला घेतलं. एकच फेरी रिकामी करू, म्हणाला. फक्त चाचणी. शेजारच्या जंगलात कुणाचं एवढं ॲव्हरेज नाही, आपलं नाव होईल. आणि चालक म्हणून पहिला हार कुणाच्या गळ्यात पडेल, सांग बघू? टाकी काय, नंतर बसवूच.

साळूबाईनं मान हलवली. मुलांनो, इथे तिला नावं ठेवू नका. तुमच्या गळ्यात अजून कुणी हार घातलेला नाही.

चाचणी झाली. ॲव्हरेज एवढं आलं की मोराला आपोआप पिसारा फुलवावा लागला. हार पडला, काट्यांना अडकून फाटला, पण पडला. दुसऱ्या दिवशी साळूबाई टाकी बसवायला गेली, तर टाकीत पाणी भरून राजाची कन्या पोहत होती. कोल्हा म्हणाला, आता टाकी बसवली तर ॲव्हरेज पडेल. ॲव्हरेज पडलं तर जंगलाचं नाव पडेल. तुझ्या एकटीच्या माहेरासाठी सगळ्या जंगलाचं नाव पाडायचं का?

मग काय, पिकअप रिकामी पठारावर जायला लागली. टपावरून राजा हात हलवायचा. खालून साळूबाई मान खाली घालून गाडी वळवायची. काटकसरीतून उरलेलं डिझेल जनरेटरला लागायचं, कारण राजवाड्यावर ‘इंधन वाचवा’ असा दिव्यांचा फलक बसवला होता आणि तो दिवसाही चालू असे.

तिसऱ्या रिकाम्या खेपेला वहिनी पठाराच्या तोंडाशी उभी होती. तिचे ओठ सुकून फुटले होते. हातात रिकामं तबक होतं.

“वन्सं, तुमची गाडी फार नावाजलीय म्हणे,” ती म्हणाली. “ओवाळणार होते. पण निरांजन धुवायला पाणी नाही.”

साळूबाईला त्या रात्री झोप लागली नाही. काय बोलावं याची तिनं मनात खूप तयारी केली. पण बोलायची वेळ यायच्या आधीच पठारावरचे प्राणी खाली आले. सगळेच. नीलगाई, चौशिंगे, ससे आणि साळूबाईचं अख्खं माहेर. तहानेनं माणूस येतो, तसेच आले.

प्रधानाला फार आनंद झाला. त्यानं दरबारात सांगितलं की पाणी वर न्यायचा प्रश्न कायमचा मिटला, कारण पाणी पिणारेच खाली आले. पण नदीवर फुकट पाणी कसं द्यायचं? त्यांनी जंगलाला थोडा हातभार लावावा. आणि गाडीत सगळ्यात जड काय असतं, महाराज? इंजिन. तेच पितं, तेच जड, तेच कण्हतं.

माकडांनी दुपारपर्यंत इंजिन उतरवलं. पिकअपच्या लांब नाकाला दोर बांधले आणि पठारावरचे प्राणी जुंपले. पुढे नीलगाई, मागे चौशिंगे, आणि दोराच्या टोकाला साळूबाईची वहिनी, पदर खोचून. गाडी हलली. एक थेंब डिझेल न पिता गाडी चालली. ॲव्हरेज किती, असं राजानं विचारलं तेव्हा मोर म्हणाला की आता ते मोजण्याच्या पलीकडे गेलं आहे.

मागच्या फळीवर अजून तीच अक्षरं होती : ‘माहेरची ओढ’. साळूबाईनं ती वाचली आणि मग बराच वेळ तिला दुसरं काही वाचता आलं नाही.

समारंभ राजवाड्याच्या उतारावर होता. गाडी तिथे आणून थोपवली, साळूबाईनं सवयीनं चाकाखाली दगड लावला. उतार सरळ खाली नदीच्या डोहाकडे जात होता. टपावर सिंहासन, सिंहासनावर महाराज, वर छत्री. दोर सोडून प्राण्यांना भाषण ऐकायला उभं केलं होतं.

साळूबाई पुढे झाली. “महाराज, गाडीला दारं नाहीत, टाकी नाही, ब्रेक नाही, इंजिन नाही. एवढं सगळं काढलं. आता तरी ते सिंहासन उतरवा. मग या गाडीनं दोन फेऱ्या पाणी नेलं नाही, तर मला जुंपा.”

 राजवाड्यावरचा ‘इंधन वाचवा’चा फलक तेवढा गुणगुणत होता.

राजानं प्रधानाकडे बघितलं. प्रधान हसला. “साळूबाईचं बरोबर आहे. वजन अजून आहेच. गाडीला इंजिन नाही, मग चालक कशाला हवा? आणि काट्यांचंच वजन केवढं. साळूबाई, तुझं काय सामान असेल ते घे आणि चालायला लाग. फक्त सरकारी वस्तूला हात लावायचा नाही.”

साळूबाईनं वाद घातला नाही. ती वहिनीजवळ गेली. “वहिनी, सगळ्यांना घेऊन पाणी प्यायला जा. गाडीसमोरून नको. त्या बाजूनं. मी सामान आवरून येतेच.”

वहिनीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग काही न विचारता सगळ्यांना बाजूनं घेऊन गेली.

साळूबाईनं स्टिअरिंगजवळचा आपला तांब्या घेतला. कापूस गेलेली उशी घेतली. मग खाली वाकून तिनं विचारलं, “प्रधानजी, हा दगड सरकारी आहे का?”

दरबार खो खो हसला. कोल्ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “दगड? अगं, दगड कधी सरकारी असतो का? ने तो, ने. आठवण म्हणून ठेव.”

साळूबाईनं दगड काढून घेतला.

त्यानंतर पिकअपनं जे ॲव्हरेज दिलं, ते कुठल्याही जंगलात कुठल्याही गाडीनं दिलेलं नाही. छत्रीत वारा भरला, झालर फडफडली, महाराजांनी थांबण्याचा हुकूम सोडला. पण हुकूम पाळायला गाडीत कुणी उरलंच नव्हतं. डोहाच्या काठावर पुढची चाकं वाळूत रुतली आणि गाडी जागच्या जागी थांबली. सिंहासन थांबलं नाही.

महाराज पोहत बाहेर आले. सिंहासन आलं नाही. डोह खोल होता आणि ते खरोखरच फार जड होतं.

मग माकडांना इंजिन परत बसवावं लागलं. थोडे नटबोल्ट शिल्लक राहिले, पण गाडी सुरू झाली. राजाची कन्या टाकीतून बाहेर निघाली. ब्रेक साळूबाईनं उभं राहून बसवून घेतले. पठारावरचे प्राणी घरी गेले आणि त्या आठवड्यात एकाच कॅनमध्ये पाण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला वहिनीनं गाडी ओवाळली. मग कुंकू लावायला वाकली आणि लावलं दगडाला.

समितीनं जाहीर केलं की हा लिंबू-मिरचीचा गुण आहे. मोराचा सत्कार झाला.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं ऐकावं. त्यांनी उतर म्हटलं की वाद न घालता उतरावं, आणि सरकारी वस्तूला कधीही हात लावू नये. फक्त आपला दगड तिथे विसरू नये.

हे तात्पर्य पुढे दरबारात वाचून दाखवलं, तेव्हा ओले महाराज उन्हात वाळत बसले होते. अस्वलदादा मोहाच्या झाडाला टेकून उभा होता. त्यानं एकदा महाराजांकडे बघितलं, एकदा डोहाकडे, आणि शेजारच्या सशाला हळूच म्हणाला, “आणि पितो म्हणे मी.”