ह्याला उत्तर पायजे व्हय

"जेवलात का?" असं विचारलं की साळवेकाका आधी निरखून बघतात आणि म्हणतात, "ताई, ह्याला उत्तर पायजे व्हय, का उगंच विचारलं?"

काका उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासतात. मी सोयगावची, घरातली पहिली पदवीधर. संगणकावर अक्षरजुळणी करते. ऱ्हस्व-दीर्घ मला काकांनीच शिकवलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण प्रश्नचिन्हाच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकत नाहीत. प्रश्नचिन्हाला ते 'आकडा' म्हणतात. बोलणाऱ्याला उत्तर हवं असेल तरच आकडा, नाहीतर टिंब.

"ह्या कथेतली सून म्हणती, मी काय मोलकरीण आहे का. तिला सासूकडून माहिती पायजे व्हय? टिंब द्या!"

एका निवृत्त साहेबांच्या कादंबरीतला नायक प्रत्येक वाक्याला तीन-तीन आकडे लावून बोलायचा. काकांनी सगळे उडवले. साहेब पानं आपटतच आले.

"मी काय मूर्ख आहे का?"

काकांनी पेन्सिल उचलली. "आकडा का टिंब, साहेब?"

साहेबांनी पुस्तक दुसरीकडं नेलं. मालक आठवडाभर काकांशी बोलले नाहीत.

यंदाच्या दिवाळी अंकात काकांची स्वतःची कथा होती, आयुष्यातली पहिलीच. दुपारी पानं छपाईला जायची होती आणि काका शेवटच्या वाक्यावर अडले होते. कथेतली बायको पिशवी घेऊन दारात उभी राहते आणि नवऱ्याला म्हणते, 'मी इथं राहून करू तरी काय.' काकांनी टिंबाचा आकडा केला, खोडला, पुन्हा टिंब दिलं.

"काका, मालक ओरडायलेत."

"ताई, तुम्ही बाईमाणूस. खरं सांगा. तिला उत्तर पायजे असंल?"

काकू बारा वर्षांपासून माहेरी आहेत, हे छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे. कोणी विषय काढत नाही.

"दारात थांबून बोलली ना, काका," मी म्हणाले. "उत्तर नको असतं तर न बोलताच गेली असती."

काकांनी टिंब खोडलं.

"मी टिंब समजलो," ते हळूच म्हणाले आणि आकडा दिला. "आता नवऱ्यानं बोलाया पायजे. एक ओळ वाढंल का?"

"वाढेल की. काय घालू?"

"थांब."

मी कळफलकावरून बोटं उचलली. मग लक्षात आलं, काका मला कायम 'तुम्ही' म्हणतात. मी तो शब्द नवऱ्याच्या तोंडी घातला.