नवा डायनामो आणि पोळ्याचं आवतण

मोटारीच्या विजेतलं मला जेवढं कळतं, तेवढं मूलपासून गडचिरोलीपर्यंत कोणालाही कळत नाही! हे वाक्य मी पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्या सावली गावच्या चावडीसमोर छाती पुढे काढून बोललो होतो. चार माणसं ऐकत होती. ती चारही माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, हे माझं दुर्दैव!

आमच्या घरी एक पिकअप होती. लढाईत राबून थकलेली, पुढे लिलावात निघालेली. धानाची पोती गिरणीवर न्यायला मी ती घेतली, तेव्हा माझे थोरले भाऊ गुणवंतराव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना बैलजोडी हवी होती. त्यात गाडीचा डायनामो म्हातारा! दिवे लावले तर काजवा बरा म्हणावा असा उजेड. भोंगा वाजवला तर शेळी खोकल्याचा भास. आणि धक्का मारल्याशिवाय सकाळी जागची हलायची नाही. सगळा पावसाळा भाऊंनी चिखलात धक्के मारले आणि शेवटी निकाल दिला.

"लटारू, पोळ्याले इंदुबाई येऊन राह्यली. तिले मूलच्या टेसनावरून बिना धक्क्यानं घरी आन. गाडी आडली तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याले, हे धूड इकतो आन् बैलजोडी आनतो!"

इंदुबाई म्हणजे आमची सगळ्यांत थोरली बहीण. तिच्यापुढे भाऊंचाही आवाज निघत नाही. म्हणजे परीक्षा आणि परीक्षक दोन्ही कडक!

मी डगमगलो नाही. नागपूरहून मोठा डायनामो आणला, सोबत नवं कटाउट आणलं. कटाउट म्हणजे डायनामोच्या विजेला लगाम घालणारी डबी. दोन्ही स्वतःच्या हातानं बसवलं. बॅटरी चाचणीपुरती भरून घेतली. गाडी सुरू केली, तर मीटरची सुई टुणकन उजवीकडे! म्हणजे वीज बॅटरीत जाते आहे. दिवे तर असे लागले, की शेजारच्या कोंबड्यानं बांग दिली! मग मी चावडीसमोर जाऊन वर सांगितलेलं वाक्य बोललो.

पोळ्याच्या सकाळी मी निघालो. बॉनेटखालून जरा चीं चीं आवाज आला. म्हटलं, नवी वहाणही चार दिवस करकरते. सूर्य डोक्यावर यायला लागला होता, तरी मी दोन्ही दिवे लावले.

बायको, रंभा, दारातूनच म्हणाली, "अवो, दिवसा दिवे काऊन लावले?"

"लोकांना दिसायला नकोत?"

"दिवस उजाडला हाय, लोकायले सगळं दिसते!"

बायकांना विजेतलं काही कळत नाही. मी प्रत्येक गावात भोंगा वाजवत गेलो. वाटेत मीटरकडे पाहिलं, तर सुई डावीकडे! म्हणजे वीज बॅटरीतून बाहेर? इतका मोठा डायनामो असताना? अशक्य! मी शांतपणे विचार केला आणि लक्षात आलं, की मीटरच्या तारा उलट लागल्या असणार. म्हणजे डावी ती उजवी. म्हणजे वीज भरपूर जाते आहे! मी खूश होऊन आणखी एकदा भोंगा वाजवला.

मूलच्या टेसनावर इंदुबाई बोचकी, डबे आणि एक कोहळा घेऊन उभी होती. गाडीत बसली आणि नाक वर करून म्हणाली, "लटारू, तुपाचा वास येऊन राह्यला. माया अनारशायचा डबा सांडला काय?"

तिनं सगळे डबे उघडून पाहिले. काही सांडलं नव्हतं. वास मात्र खरंच येत होता! पुरणपोळी तव्यावर टाकल्यासारखा. मी म्हटलं, "बाई, पोळ्याचा दिवस. सगळ्या गावात तूपच आहे."

"आता तं गाव मांगं राह्यलं!"

पुढे भोंगा वाजवला तर पुन्हा ती जुनी शेळी खोकली. मग रेडिएटरातून वाफ निघाली. आता माझा गोंधळ उडाला. बिघाड असलाच तर तो विजेचा. मग पाणी कशानं उकळलं? विजेनं? मी विचार करत असतानाच गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि खेडी गावाच्या पुढे, दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमध्ये, बसकण मारली.

गाडी निवल्यावर मी हँडल मारलं. दंड भरून आले, पण ठिणगी नाही. कटाउटची डबी उघडली. आतले पॉइंट घासले. परत बंद केली. परत उघडली. डायनामोच्या तारा काढून लावल्या. डायनामोच्या पट्ट्यावर काहीतरी पिवळं दिसलं. म्हटलं, बॅटरीचं तेजाब उडालं असेल. पट्टा जुनाच होता, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास होता!

इंदुबाई बांधावर कोहळा मांडीवर घेऊन बसली होती. "का झालं रे?"

"कळत नाही."

"तुले तं मोटारीतलं सगळं कळते म्हने!"

एवढ्यात बेगड लावलेली, झूल घातलेली बैलजोडी घेऊन मुखरू नावाचा एक शेतकरी आला. मी धावलोच. "भाऊ, सावलीपर्यंत गाडी ओढून देता का?"

मुखरू दोन पावलं मागे सरला. "आज? पोळ्याले? आज बैलायच्या मानेवर जू ठेवत नाई बाप्पा!"

"मग रेडे असतील?"

"तेयलेबी आज सुट्टी हाय."

"मग माणसं तरी?"

"मानसं बैल घेऊन पोळ्यात चालले!"

वर्षातला हा एकच दिवस असा, की अख्ख्या मुलखात ओढायला कोणी मिळत नाही. आणि मी नेमका तोच गाठला होता! मला खरंच रडू आलं. गाडी गेली, असं वाटलं. इतक्यात सावलीकडून नवं धोतर, फेटा आणि घामानं लाल झालेला चेहरा चालत आला. भाऊ! बैलगाडी जुंपता येत नव्हती म्हणून बिचारे पायी निघाले होते.

"आडली ना?"

"भाऊ, नवा डायनामो, नवं कटाउट, सगळं ठीक आहे. तरी वीज तयारच होत नाही. आणि तुपाचा वास येतो."

भाऊ बॉनेटखाली वाकले. पिवळ्या पट्ट्याकडे पाहून समाधानानं मान हलवली. "तूप मीच लावलो."

"काय?"

"काल बैलायचे खांदे शेकाचा दिवस, खांदशेकणी होती ना! पळसाच्या पानानं तूप-हळद लावलो. बैलाच्या मानेले जोतं राह्यते, तसा याच्या गळ्यात हा पट्टा दिसला. तिथंच चांगलं चोळलो. म्हनलो, वर्सभर राबला बिचारा. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी पट्ट्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. डायनामो आणि पंखा दोन्ही फिरवणारा पट्टा तुपानं घसरत होता. म्हणून डायनामो फिरत नव्हता, पंखाही फिरत नव्हता. वाफ, वास, डावीकडची सुई, सगळं एका वाटीभर तुपात होतं!

"पण भाऊ, तुम्ही तर गाडी विकणार होता!"

"इकेपर्यंत घरचाच हाय ना? दारातल्या बैलाचा पोळा करा लागते का नाई?"

मी काही बोलणार, तेवढ्यात भाऊ माझ्यावरच कडाडले. "मी त्याले जेवाले बोलावलो आन् तू त्याले पोळ्याच्या दिवशी जुंपला! चालन कसा?"

"गुणवंता बराबर बोलून राह्यला," इंदुबाई म्हणाली. मुखरूनंही मान डोलावली. त्यानं तर एका बैलाची झूल काढून आमच्या बॉनेटवर टाकली! इंदुबाईनं तिच्यावर एक अनारसा ठेवला. मग आम्ही कोहळ्यासकट सावलीपर्यंत चालत गेलो. कोहळा मी उचलला.

पाडव्याच्या सकाळी अर्धं गाव घेऊन भाऊ गाडीपाशी आले. मी आधीच येऊन चुलीतली राख लावून पट्टा कोरडा केला होता. रात्रभर पडून राहिलेल्या बॅटरीत ठिणगीपुरता जीव येतोच, हेही मला ठाऊक होतं. मी ते सगळं समजावून सांगायला लागलो, पण भाऊंनी हँडल माझ्या हातातून घेतलं आणि एकच फेरा मारला. गाडी सुरू! सुई टुणकन उजवीकडे!

"पाह्यलं?" भाऊ गावाला म्हणाले. "याले डायनामो-फायनामो काई नाई लागत. आराम पायजे होता. ज्याले जेवाले घातलं त्याले इकते काय कोनी?"

गाडी वाचली. तेव्हापासून दर खांदशेकणीला मी गुपचूप पट्टा काढून घरात ठेवतो. भाऊ उरलेल्या डायनामोला मनसोक्त तूप चोळतात. आणि पोळ्याच्या दिवशी इंदुबाईला आणायला मोटारीच्या विजेतला तज्ज्ञ मूलपर्यंत पायी जातो!