खडूची सात अक्षरं

ज्ञानोबा लोहार पुण्याहून ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन भोरला परतला तो थेट खंडेनवमीच्या सकाळी, आणि अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याला आपलं घर फार देखणं दिसलं. ऐरण धुतलेली, घण धुतलेले, सांडश्या ओळीनं मांडलेल्या. त्यांच्या पलीकडे रस्त्याच्या कंत्राटदाराकडून दुरुस्तीला आलेले सात नग, तेही लखलखीत. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं एकेक फूल.

"फुले," ज्ञानोबा बायकोला म्हणाला, "ह्या नगांवर खडूनं काय लिवलं व्हतं?"

"व्हतं की कायबाय," फुलाबाई कौतुकानं म्हणाली. "लई घाण आली व्हती गाडीतनं. चिंच आन राख लावून घासलं समदं. पूजंत का तसलंच ठिवायचं?"

ज्ञानोबा मटकन ऐरणीच्या ठोकळ्यावर बसला. पूजेच्या दिवशी तिथं बसू नये, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

खडूची ती अक्षरं म्हणजे साधीसुधी अक्षरं नव्हती. हिर्डोशीकडच्या रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर मानसिंगराव मोडलेल्या प्रत्येक वस्तूवर इंग्रजीत एक-दोन अक्षरं घालत, आणि त्या अक्षरांत सगळं काम सांगितलेलं असे. एफ डब्ल्यू म्हणजे भट्टीत लाल करून घणाखाली सांधायचं. जी डब्ल्यू म्हणजे गॅसच्या ज्योतीनं वितळवून जोडायचं. नुसतं बी असेल तर पितळेनं झाळायचं आणि एस असेल तर कथलाचा डाग द्यायचा. ज्ञानोबाला इंग्रजी काय, मराठी वाचतानाही घाम फुटे. पण पुण्याच्या कारखान्यात सहा वर्षं काढल्यामुळे ही चार अक्षरं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी येत. भोरात हे येणारा तो एकटा होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

मानसिंगरावांचा दंडक एकच होता. अक्षर म्हणजे हुकूम. मागच्या साली शिवऱ्याच्या एका लोहारानं अक्षर बाजूला ठेवून स्वतःच्या अकलेनं सांधा केला. सांधा चांगला झाला, पण काम गेलं ते कायमचं. आता ते वर्षभराचं काम ज्ञानोबाकडे येऊ घातलं होतं आणि हे सात नग म्हणजे त्याची परीक्षा होती. एकादशीला सकाळी मानसिंगराव स्वतः येऊन नग तपासणार होते. इकडे ज्ञानोबानं प्रश्नपत्रिका पाहण्याआधीच ती घरच्या लक्ष्मीनं चिंचेनं धुऊन काढली होती.

"आता काय करू गं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असायला हवा होता, पण नुसतं रडू होतं.

"गेनबाभावजींना इचारा. त्यांनीच आनले न्हवं गाडीतनं."

गेनबा गाडीवान बैलांच्या शिंगांना रंग देत होता. त्यानं बराच विचार केला. "त्ये चाक लई जड हाय बग," तो म्हणाला. "मोरीच्या चढावर बैल बसलं त्या चाकापायी."

"त्याच्यावर लिवलं काय व्हतं?"

"लिवलेल्याचं काय वजन लागतंय व्हय? म्या कशाला बगू?"

ओव्हरसियरलाच गाठावं, तर ते सणाला वेल्ह्याला आपल्या घरी गेलेले. डोंगरातून चालत गाठायचं म्हटलं तरी जाण्यायेण्यात दसरा संपला असता. शिवाय जाऊन सांगायचं काय? 'तुमचा हुकूम बायकोनं घासला'?

ज्ञानोबा हात हलवत परत आला, तर अंगणात त्याची आई धोंडाबाई रांगोळीची वाटी घेऊन बसलेली. म्हातारीला अक्षर म्हणून माहीत नव्हतं, पण एकदा पाहिलेली रांगोळी ती जन्मात विसरत नसे. तिनं जमिनीवर नगांवर पाहिलेल्या अक्षरांच्या चार नक्ष्या काढल्या होत्या आणि चारही बिनचूक होत्या. ज्ञानोबाला आईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"आये, आता कंची कशावर व्हती त्ये बी सांग."

"सांगते की. त्या थोरल्या चाकावर ही व्हती." म्हातारीनं बोट ठेवलं ते एफ डब्ल्यूवर.

ज्ञानोबाचा चेहरा पडला. ते पंपाचं चाक बिडाचं होतं, ओतीव. बीड लाल करून घणाखाली घातलं तर पापडासारखं फुटतं, हे लोहाराच्या घरातलं मांजरसुद्धा सांगेल. एवढा शिकलेला ओव्हरसियर असलं लिहील?

"न्हाई आये, तुजी गल्लत झाली."

"माजी? म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय."

"चाकाचं चुकलं म्हंजी बाकीच्याचा बी भरवसा न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. धोंडाबाई वाटी उचलून आत गेली आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलेनाशी झाली.

दसऱ्याला दुपारी पूजा उतरली. ज्ञानोबा नगांपुढे उकिडवा बसून राहिला. फुलाबाई दारात उभी होती.

"अवं, एक इचारू? त्या अक्षराबिगर तुमाला काम येत न्हाई का?"

"न येयाला काय झालं? ही पहार घणाखाली सांधायची, ह्या पितळी तोटीला झाळायचं, चाकाला गॅस. आंधळ्याला बी कळंल."

"मग कुनाची वाट बगताय?"

ज्ञानोबानं एकदा बायकोकडे आणि एकदा भात्याकडे पाहिलं. मग उठला. दिवेलागणीपर्यंत त्यानं सातही नग पुरे केले. चाकाला तर त्यानं लेकराला शेक द्यावा तसं आधी हळूहळू तापवलं, तड्यात गॅसनं जोड भरला आणि राखेत पुरून निववलं. काम झकास झालं होतं. भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

एकादशीला मानसिंगराव ठरल्या वेळेच्या दोन तास आधी आले, तेही धापा टाकत. रामराम नाही, पाणी नाही; थेट चाकापाशी गेले. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. मग बाकीचे सहा नग पाहिले. ज्ञानोबाची पाचावर धारण बसली.

"ज्ञानोबा, अक्षरं कुठं आहेत?"

"सायेब, त्याचं असं झालं..."

"म्या धुतली," फुलाबाई पुढे होऊन म्हणाली. "खंडेनवमीला. ह्यांनी बगितली बी नव्हती. काय बोलायचं त्ये मला बोला."

"सगळी धुतली? एकही राहिलं नाही?"

"एक बी न्हाई."

मानसिंगराव ओसरीवर बसले. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "वैनी, देवासारख्या धावून आलात. घोटभर पाणी द्या."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. अक्षरांचं छापील पुस्तक कामावर रुजू होताना त्यांना मिळालं होतं. ते त्यांनी नवमीला पूजेत मांडायला काढलं आणि पूजेतलं पुस्तक वाचू नये हे ठाऊक असूनही सहज उघडलं. पहिल्यांदाच. तेव्हा कळलं की दोन वर्षं ते एफ डब्ल्यू आणि जी डब्ल्यू उलटसुलट घालत होते. "तू माझ्या अक्षराप्रमाणं ते चाक घणाखाली घेतलं असतंस, तर पंप गेला होता आणि माझी नोकरीही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"म्या म्हनलं व्हतं," आतून धोंडाबाईचा आवाज आला. तिचं मौन सुटलं म्हणून ज्ञानोबाला फारच बरं वाटलं. ओव्हरसियरचा आणि लोहाराचा जीव एकाच वेळी भांड्यात पडला होता.

"वर्षाचं काम तुझं," असं म्हणून मानसिंगरावांनी वही काढली आणि गंभीरपणे लिहिलं: 'सर्व कामे नगांवर घातलेल्या खुणांप्रमाणे बरोबर केली आहेत.' खाली सही केली. ज्ञानोबानंही तितक्याच गंभीरपणे आपली केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गेनबाच्या गाडीत नग चढू लागले. शेवटी चाक उचलायची वेळ आली, तेव्हा मानसिंगरावांनी हात आडवा घातला आणि आवाज खाली आणला.

"वैनी, हे एवढं पुन्हा एकदा घासून द्याल का? मागच्या अंगाला कुठं खडू राहिला असला तर..."